दहा महिने, बेचाळीस रात्री: ‘श्यामची आई’ घरात मोठ्यानं वाचल्यावर

गेल्या जूनमध्ये मुलाच्या वह्या घ्यायला गेले होते. दुकानाच्या गल्ल्याशेजारी ‘श्यामची आई’च्या प्रतींचा गठ्ठा होता, त्यातली एक उचलली. घरी आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. तिघं मोठे हे पुस्तक ‘वाचलेलं आहे’ असंच म्हणायचो. खोलात गेलं तर कुणाला शाळेतला एखादा धडा आठवत होता, कुणाला आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट. सगळं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त सासूबाईंनी वाचलेलं होतं, तेही लग्नाआधी.

मुलाला नुसतं हातात देऊन उपयोग नव्हता. दोन पानं वाचून त्यानं ते उशीखाली ठेवलं असतं. मग ठरवलं, दर शनिवारी जेवणं झाली, ओटा आवरला की एक रात्र मोठ्यानं वाचायची. ‘रात्र’ म्हणजे प्रकरण. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी पुस्तकाची मांडणी आहे. पहिली रात्र ‘सावित्री-व्रत’, शेवटची बेचाळिसावी ‘आईचे स्मृतिश्राद्ध’. मधे परीक्षा, पाहुणे, तापाची साथ, गावची जत्रा असे खाडे पडले, सुटीत कधी दोन-तीन रात्री सलग झाल्या. एप्रिलच्या शेवटी पुस्तक संपलं.

माझं पहिलं सांगणं हेच की हे पुस्तक एका बैठकीत वाचू नका. सलग वाचलं की फक्त रडू येतं, आणि रडून मोकळं झालं की पुस्तक कपाटात जातं. रात्रीला एक असं वाचलं की मधले सहा दिवस ते घरात वावरतं. मुलगा दूध सांडतो, नवरा चिडतो, मी कुणावर तरी तोंडसुख घेते, आणि शनिवारी वाचलेलं कुठूनतरी डोकं वर काढतं.

साने गुरुजींनी हे लिहिलं नाशिकच्या तुरुंगात. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे शेवट, असं त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवलंय. त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते सहा वर्षं शिक्षक होते, तिथलं वसतिगृह सांभाळायचे, आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेणारा हातही त्यांचाच. मोठ्यानं वाचताना हे सगळं जाणवतं. वाक्यं बोलण्यासाठीच लिहिल्यासारखी तोंडात बसतात, समोर मुलं बसलीत हे त्या माणसाच्या मनातून एकदाही जात नाही. कादंबरी म्हणावं की आत्मकथन, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. घरात वाचताना ती गोष्टच असते.

पहिल्या दहा-बारा रात्री मुलाच्या होत्या. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीनं झोडपून विहिरीवर पाठवते, ती बारावी रात्र त्यानं पुन्हा वाचायला लावली. आपल्याला वाटतं ही आई नुसती मायाळू, डोळ्यांत पाणी घेऊन बसलेली. तशी ती नाहीच. मुलगा भित्रा निघाला तर लोक हसतील हे तिला सहन होत नाही, आणि मारल्यावर संध्याकाळी त्याच्यासाठी दहीही तीच ठेवते. ‘पत्रावळ’ वाचल्यावर सासूबाईंनी पानं कशी टाचायची, चोय कुठे घालायची हे हातानं दाखवलं. त्यांचं माहेर गुहागरकडचं. पुस्तकातले कोकणातले शब्द अडले की मी त्यांच्याकडे बघायचे. पुस्तकातल्या तळटीपेपेक्षा ते बरं पडलं.

आता अठराव्या रात्रीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरात खरा बदल तिथून झाला. ‘अळणी भाजी’. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील पहिल्या घासाला ओळखतात, पण भाजीला नाव ठेवत नाहीत, मुलांनाही ते कळतं आणि तीही गप्प जेवतात. शेवटी आई पानावर बसते तेव्हा तिला समजतं आणि ती हळहळते. शाळेत याचं तात्पर्य आम्हाला सांगितलं होतं की करणाऱ्याचं मन दुखवू नये. तात्पर्य खरंच आहे. पण वाचून झाल्यावर मुलगा म्हणाला, “आजी, ती सगळ्यांबरोबरच जेवली असती तर तिला लगेच कळलं असतं ना?”

कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी मांडीवरची शाल नीट केली. त्या शनिवारीही नेहमीप्रमाणे बापलेकांची जेवणं आधी झाली होती, मी पोळ्या लाटून शेवटी बसले होते, आणि सासूबाई गुडघे दुखत असूनही माझ्यासाठी थांबल्या होत्या. चाळीस वर्षांत त्या पंगतीच्या शेवटीच बसत आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्यानं पोळ्यांचा डबा, भाजीची कढई, ताक, सगळं टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाला, “आई, बस. सगळे बसू.” तेव्हापासून आम्ही चौघं एकदम जेवतो. पोळ्या आधी करून ठेवाव्या लागतात, गरम फुलक्यांची मजा गेली, हे मान्य. पण भाजीत मीठ कमी आहे हे आता चौघांना एकाच वेळी कळतं, आणि वाटीतलं मीठ हातोहात फिरतं.

म्हणूनच ज्यांना वाटतं की हे पुस्तक बाईला झिजायला शिकवतं, त्यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. ही आई सगळ्यांच्या शेवटी जेवते, भाऊबीजेचे पैसे स्वतःवर न खर्चता नवऱ्याच्या नव्या धोतरासाठी देते, दुखणं अंगावर काढते. दिवाळीच्या सुटीत सलग वाचल्यामुळे ती धोतराची बाविसावी रात्र आमच्याकडे नेमकी भाऊबीजेच्याच दिवशी आली, आणि मला वाचताना आनंद झाला नाही, राग आला. एकट्यानं मनात वाचलं तर हा राग तसाच राहतो. चारचौघांत वाचलं की त्यावर बोलणं होतं. पुस्तकानं तिला थोर म्हटलंय. तिच्यावर एवढा भार का पडला हे विचारायचं काम वाचणाऱ्याचं आहे, आणि पुस्तक त्याला आडकाठी करत नाही.

पंचविसाव्या रात्रीही असंच झालं. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी पडते, शिवायची सोय नाही म्हणून कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, उचलून दे. आणि घरी येऊन अंघोळ कर असंही सांगते. मुलानं लगेच विचारलं, “मदत केली तर अंघोळ कशाला?” मी सारवासारव केली नाही. त्याला सांगितलं की ती बाई तिच्या गावाच्या एक पाऊल पुढे होती, दोन पावलं नव्हती. दुसरं पाऊल तिच्या मुलानं टाकलं. पंढरपूरचं विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसले होते. हे मुलाला कुठल्याही धड्यात सापडलं नव्हतं. काही घरांत हा भाग गाळून वाचतात म्हणे. गाळू नका.

बत्तिसाव्या रात्रीपासून पुस्तक आमचं, म्हणजे मोठ्यांचं झालं. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ हे तिचं नाव. लहानपणी हा भाग मी चाळून पुढे गेले असणार, कारण मला यातलं काहीच आठवत नव्हतं. खोताचं घराणं, मोठा बोलबाला, आणि आतून पोखरत गेलेलं घर. आई सांगत राहते की एखादा जमिनीचा तुकडा विका आणि मोकळे व्हा. वडिलांच्या मनाला ते पटत नाही. जमीन गेली म्हणजे मान गेला. व्याज चढत जातं, सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो, आणि पुढे मान तर जातोच, गावभर दवंडी पिटून जातो.

नवऱ्याचा एमआयडीसीत छोटा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे. चार वर्षांपूर्वी मशीनसाठी कर्ज घेतलं, मग दोन मोठी बिलं अडकली, हप्ते थकले. कर्ज देणाऱ्यांच्या वसुलीवाल्यांचे फोन सकाळी साडेआठपासून सुरू व्हायचे. एकदा माझ्या ऑफिसात फोन आला. काय बोलले ते इथे लिहीत नाही. आणि खाली पार्किंगमध्ये आमची सात सीटची गाडी उभी होती, तिचा हप्ता वेगळा. गाडी विकू असं मी दोनदा म्हणाले होते. दोन्ही वेळा उत्तर एकच: गिऱ्हाइकाकडे रिक्षानं गेलो तर काम कोण देईल?

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मी वाचत होते. सावकाराच्या माणसाचा प्रसंग आला तेव्हा माझा आवाज बसला. पुढची दोन पानं सासूबाईंनी चष्मा लावून, बोट फिरवत वाचली. नवरा उठून गॅलरीत गेला. गोष्ट संपली, मुलगा झोपला, तरी तो बाहेरच. मी गेले तर म्हणाला, “ती सांगत होती ना त्याला. विकून टाक म्हणून.” एवढंच. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी गेली. अपेक्षेपेक्षा किंमत कमीच आली, पण गाडीचं कर्ज फिटून मशीनचे थकलेले सगळे हप्ते भरता आले. तो आता दुचाकीवर जातो, लांब असेल तर लोकलनं. काम कुणी काढून घेतलेलं नाही.

पुस्तकानं कर्ज फेडलं असं मी म्हणणार नाही. आकडे आम्हाला आधीही येत होते. पण मी बोलले की तो बायकोचा टोमणा व्हायचा, आणि तेच श्यामच्या गावातल्या, पालगडच्या त्या घरातून शंभर वर्षं ओलांडून आलं तेव्हा ऐकून घेता आलं. आयुष्यात काय जपायचं आणि काय सोडायचं हे सांगणारी पुस्तकं मी बरीच वाचलीत, भाषांतरित तर ढिगानं. त्यांत माणूस घरदार सोडून लांब जातो, कुणीतरी ज्ञानी भेटतो आणि त्याला उमगतं. इथे कुणी कुठे जात नाही. तेल आहे तर मीठ नाही, अशा घरातच सगळं उमगायचं असतं. छत्तिसाव्या रात्रीचं नावच ते आहे.

शेवटच्या चार-पाच रात्रींबद्दल फार लिहीत नाही. श्याम शिकायला लांब असतो आणि आई गेल्यावर पोचतो. ज्यांचं माणूस असं गेलंय त्यांनी त्या रात्री एकट्यानं वाचू नयेत, कुणीतरी शेजारी असावं. मुलाला सगळ्यात लागलं ते मथी मांजराचं, आईपाठोपाठ अन्न सोडणाऱ्या. माणसांसाठी तो रडला नव्हता, तिच्यासाठी रडला.

उणिवाही सांगते. उपदेश जास्त आहे. गोष्ट रंगात आली की श्याम थांबून अर्धं पान चिंतन करतो, मुलं तिथे चुळबुळतात. सहाव्या-सातव्या रात्रीनंतर मी असे परिच्छेद मुलाची नजर बघून वाचायचे किंवा सोडायचे. संस्कृत वचनं आणि जुन्या कविता येतात, त्यांचा अर्थ आदल्या दिवशी बघून ठेवला तर ओघ तुटत नाही. वडिलांचं माणूसपण मला अपुरं वाटलं. ‘उदार पितृहृदय’ अशी एक अख्खी रात्र त्यांच्यासाठी आहे, पण कर्जाखाली दबलेल्या त्या माणसाला रात्री झोप येत होती का, हे मला कळायला हवं होतं. त्यांच्या बाजूनं कुणीतरी लिहायला हवं होतं.

विकत घेताना एक काळजी घ्या. गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून पुस्तकावर कुणाचा हक्क राहिलेला नाही आणि कुणीही छापतं. इंटरनेटवर फुकटही वाचता येतं. स्वस्त प्रतींत दोन गोष्टी आधी बघा: अनुक्रमणिकेत पूर्ण बेचाळीस रात्री आहेत का, आणि लेखकाची प्रस्तावना आहे का. मुलांसाठी म्हणून कापलेल्या आवृत्त्यांत नेमक्या कर्जाच्या रात्री आखूड केलेल्या असतात. माझ्या प्रतीचा कागद पिवळट, टाईप बारीक, आणि शिलाई अशी की ‘श्रीखंडाच्या वड्या’च्या पानापाशी पुस्तक दोन तुकड्यांत उघडतं. सासूबाईंना वाचता यावं म्हणून मोठ्या टाईपची प्रत घ्यायला हवी होती, चाळीस-पन्नास रुपये जास्त गेले असते. ऑडिओही दोन शनिवार लावून पाहिला. आवाज छान होता, पण मधे थांबवून कुणी प्रश्न विचारेना, म्हणून बंद केला.

मे महिन्यात आम्ही पालगडला जाऊन आलो, एसटीनं. दापोलीहून. गुरुजींचं घर जपलेलं आहे. मुलगा आत शिरला तो थेट माळा कुठे आहे ते शोधायला.

आता दुसरी फेरी सुरू आहे. या वेळी वाचायचं काम त्याच्याकडे आहे. जोडाक्षरं आली की घाई करतो, सासूबाई डोळे मिटून ऐकता ऐकता शब्द दुरुस्त करतात. परवा तिसरी रात्र झाली, ‘मुकी फुले’. सकाळी परडीतली सदाफुलीची कळी बघून तो म्हणाला, “आजी, ही उद्या फुलली असती गं.” सासूबाईंनी ती कळी पाण्याच्या वाटीत ठेवली. अजून खिडकीत आहे.