टक्केवारीवर मत ठरवू नका: अमेरिकी अध्यक्षीय उमेदवारांची तुलना करणारी संकेतस्थळे

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांची धोरणे शेजारी शेजारी ठेवून दाखवणारी मोफत संकेतस्थळे बरीच आहेत. आयसाइडविथ, ऑनदइश्यूज, व्होट स्मार्ट, बॅलटपीडिया आणि व्होट४११ ही पाच त्यांतली नेहमीची. इथे ती २०२४ च्या निवडणुकीवर तपासली आहेत, कारण तुलना फसण्याच्या बहुतेक जागा त्या एका वर्षात सापडतात.

आयसाइडविथ २०१२ पासून चालू आहे. गर्भपात, कर, स्थलांतर, बंदुका अशा विषयांवरचे प्रश्न सोडवा, प्रत्येक प्रश्न तुम्हाला किती महत्त्वाचा आहे ते सांगा, की कोणत्या उमेदवाराशी तुमचे किती टक्के जुळते ते समोर येते. वापरायला हे सगळ्यांत सोपे आहे आणि दिशाभूलही इथेच सर्वांत लवकर होते. नुसत्या 'हो' किंवा 'नाही'वर थांबू नका. त्याखाली आणखी पर्याय उघडतात आणि खरा फरक तिथेच दिसतो.

टिपांवरचा करच घ्या. हा कर रद्द करू, असे रिपब्लिकन उमेदवार ट्रम्प जून २०२४ मध्ये लास व्हेगासमध्ये म्हणाले. ऑगस्टमध्ये त्याच शहरात डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांनीही तेच आश्वासन दिले. 'हो-नाही'च्या प्रश्नात दोघे एका रकान्यात बसतात. पण हॅरिस यांच्या योजनेत उत्पन्नाची मर्यादा होती, सवलत फक्त प्राप्तिकरापुरती होती, सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्य विमा) यांसाठी पगारातून होणारी कपात तशीच राहणार होती, आणि जोडीला किमान वेतन वाढवण्याची मागणी होती. हॉटेलात काम करणाऱ्या माणसाच्या हातात किती पैसे उरतील, हे या तपशिलांवर ठरते.

टक्केवारी तपासायची एक साधी रीत आहे. पहिल्यांदा प्रश्नावली भरताना विषयाचे महत्त्व ठरवणाऱ्या पट्टीला हात लावू नका. निकाल लिहून ठेवा. मग स्वतःला खरोखर महत्त्वाचे वाटणारे तीन-चार विषय वर चढवा आणि निकाल पुन्हा पाहा. उमेदवारांचा क्रमच उलटला, तर तो आकडा धोरणांपेक्षा तुमच्या पट्टीबद्दलच जास्त सांगतो आहे. दोन्ही वेळा क्रम तोच राहिला तरी उमेदवाराचे उत्तर कशावरून घेतले आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आमच्या मते सुरुवात ऑनदइश्यूजपासून करावी. दिसायला जुनाट, मजकुराने खचाखच भरलेले, मोबाइलवर वाचायला त्रासाचे. पण प्रत्येक विधानाला स्रोत आणि तारीख जोडलेली असते, आणि या कामात तारखेइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. फ्रॅकिंगवर (खडक फोडून तेल आणि वायू काढण्यावर) बंदी घालायला आपण अनुकूल आहोत, असे हॅरिस २०१९ मध्ये म्हणाल्या होत्या. २०२४ मध्ये बंदी घालणार नाही, असे त्यांनी सांगितले. ट्रम्प यांच्याशी झालेल्या १० सप्टेंबरच्या वादफेरीत त्यांनी २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टचा दाखला दिला: सिनेटमध्ये (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) समसमान मते पडल्यावर उपाध्यक्ष म्हणून त्यांनी दिलेल्या निर्णायक मताने मंजूर झालेल्या या कायद्याने फ्रॅकिंगसाठी नवे भाडेपट्टे खुले केले. तारीख गाळून यांतले एकच वाक्य दाखवणारे कोष्टक कोणत्याही बाजूने वापरता येते. इथे मात्र एक काळजी घ्या: विधानांवरचे मथळे संपादकांनी आवळून लिहिलेले असतात. मथळा वाचून थांबू नका, खालचा उतारा वाचा. याच संकेतस्थळावर व्होटमॅच नावाची वीस विधानांची छोटी चाचणीही आहे. ती केवळ चाळण्यापुरती ठीक.

व्होट स्मार्टचे बळ मतदानाच्या नोंदींत आहे. १९९२ पासूनची ही संस्था उमेदवारांना एक लेखी प्रश्नावली पाठवते, 'पॉलिटिकल करेज टेस्ट'. मोठे उमेदवार ती टाळतात. २००८ मध्ये ओबामा आणि मॅक्केन या दोन्ही मुख्य उमेदवारांनी उत्तर दिले नाही, आणि मॅक्केन तर तोवर संस्थेच्या संचालक मंडळावर होते. अशा वेळी संस्था जाहीर भाषणे आणि मतदानावरून भूमिकेचा अंदाज बांधते. तो अंदाज आहे हे वाचणाऱ्याने विसरू नये. शिवाय २०१६ मध्ये ट्रम्प यांनी कोणतेच पद भूषवलेले नव्हते, त्यामुळे मतदानाचा रकाना रिकामाच होता. वेगवेगळ्या दबावगटांच्या संघटना लोकप्रतिनिधींना त्यांच्या मतदानावरून जे गुण देतात, तेही इथे दिसतात; ते सर्वांत सावधपणे वाचावेत: प्रत्येक संघटना आपल्या सोयीची मोजकीच मतदाने निवडते. शंभरपैकी शंभर गुण दिसले, तर आधी ती मतदाने किती आणि कोणती ते पाहा.

पक्षाचा जाहीरनामा उमेदवाराच्या नावावर टाकणे ही आणखी एक सर्रास होणारी चूक. बायडेन यांनी २१ जुलै २०२४ ला माघार घेतली, तरी ऑगस्टमध्ये शिकागोत मंजूर झालेल्या डेमोक्रॅटिक जाहीरनाम्यात त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीची भाषा कायम होती. रिपब्लिकन पक्षाने २०२० मध्ये नवा जाहीरनामा लिहिलाच नाही, २०१६ चाच पुढे चालवला.

एक रकाना या पाचांपैकी एकाही तुलनेत नाही, तो वाचकाने स्वतः वहीत आखावा: 'हे अध्यक्ष एकट्याने करू शकतो का?' कंपन्यांवरचा कर २१ टक्के आहे. हॅरिस यांना तो २८ वर न्यायचा होता. ट्रम्प १५ म्हणत होते, पण फक्त अमेरिकेत माल बनवणाऱ्या कंपन्यांसाठी. दोन्हींना काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मंजुरी लागतेच. आयात शुल्काचे तसे नाही. १९६२ च्या व्यापार कायद्याचे कलम २३२ आणि १९७४ च्या कायद्याचे कलम ३०१ वापरून, ठरावीक चौकशी झाल्यावर, अध्यक्ष काँग्रेसच्या नव्या मतदानाशिवाय शुल्क लावू शकतो. म्हणून चीनच्या मालावर ६० टक्के शुल्काची घोषणा करकपातीच्या घोषणेपेक्षा जास्त गंभीरपणे घ्यायला हवी होती. गर्भपाताचा हक्क कायद्याने परत आणायचा, तर शंभर जणांच्या सिनेटमध्ये विरोधकांनी लांबवलेली चर्चा थांबवून अडवणूक (फिलिबस्टर) मोडायला ६० मते लागतात. त्यासाठी हा नियम बाजूला ठेवावा, असे हॅरिस सप्टेंबर २०२४ मध्ये म्हणाल्या. ट्रम्प यांनी हा विषय राज्यांवर सोडला आणि ऑक्टोबरमध्ये देशव्यापी बंदीवर नकाराधिकार वापरू, असे जाहीर केले. आश्वासनाशेजारी ही वाट लिहिली, तरच तुलनेला अर्थ येतो.

खर्चाचा हिशेबही या संकेतस्थळांवर मिळत नाही. कमिटी फॉर अ रिस्पॉन्सिबल फेडरल बजेट या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मांडलेला मधला अंदाज असा: २०३५ पर्यंत कर्जात हॅरिस यांच्या योजनांनी साडेतीन लाख कोटी डॉलरची, तर ट्रम्प यांच्या योजनांनी साडेसात लाख कोटी डॉलरची भर. दोन्हींच्या खालच्या आणि वरच्या अंदाजांत प्रचंड अंतर होते, त्यामुळे मधला आकडा एकटा उचलू नये.

बॅलटपीडिया विषयवार पाने करते आणि प्रचाराच्या संकेतस्थळांवरचा मजकूर उतरवून ठेवते. ती संकेतस्थळे पुढे बदलतात किंवा बंद होतात, म्हणून हे काम मोलाचे. लीग ऑफ विमेन व्होटर्स या संस्थेचे व्होट४११ उमेदवारांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत देते. अध्यक्षपदाच्या लढतीत अनेकदा उत्तरच आलेले नसते, पण आपला पत्ता टाकला की त्याच मतपत्रिकेवर निवडून द्यायच्या न्यायाधीश आणि शाळा मंडळाच्या जागांसाठी हेच सर्वांत उपयोगी पडते.