सेवेकऱ्याची सुट्टी: घरी मदतनीस ठेवावा की ज्येष्ठांना केंद्रात?

अंथरुणाला खिळलेल्या किंवा विस्मरणाचा आजार जडलेल्या ज्येष्ठांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या घरातल्या व्यक्तीला (आणि ती बहुधा सून किंवा पत्नीच असते) आठ-पंधरा दिवसांची सुट्टी हवी असेल, तर कोल्हापुरात व्यवहारात दोनच मार्ग उरतात. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत घरी माणूस ठेवायचा, किंवा ज्येष्ठांना तेवढ्यापुरते शुश्रूषा केंद्रात अथवा अल्पमुक्कामाची सोय असलेल्या वृद्धाश्रमात ठेवायचे. विरंगुळा केंद्रे चालत्या-फिरत्या ज्येष्ठांच्या उपयोगाची असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

दोन्ही मार्गांची तुलना सहसा दरापासून सुरू होते. माझ्या मते आधी विचारायला हवे ते हे, की जिला विश्रांती हवी आहे ती त्या दिवसांत घरात असणार की बाहेरगावी जाणार? ती घरातच असेल, तर मदतनीस मावशींचा चहा-नाश्ता, औषधांच्या वेळा आणि डायपर कुठे ठेवलेत हे सांगण्यातच तिचा दिवस जातो, आणि रात्री सासूबाईंनी हाक मारली की सवयीने तीच आधी उठते. त्यामुळे मदतनीस ठेवायचा असेल, तर सुनेने माहेरी किंवा बहिणीकडे खरोखरच निघून जावे, आणि देखरेखीला मुलगा, जावई किंवा शेजारचे कोणी रोज फेरी मारील अशी व्यवस्था करावी. असे कोणीच नसेल, तर केंद्राचा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो.

यानंतर ज्येष्ठांची अवस्था पाहावी. विस्मरणाच्या रुग्णांना जागा बदलली की गोंधळ वाढतो, संध्याकाळनंतर अस्वस्थता बळावते आणि कधी कधी ते ‘घरी जायचंय’ म्हणून दाराकडे धावतात. त्यांच्यासाठी ओळखीच्या खोलीत राहून मदतनीस घेणेच सहसा बरे. केंद्रात ठेवणे अटळच असेल, तर त्यांची रोजची वाकळ आणि घरच्यांचे फोटो सोबत द्यावेत. याउलट ज्यांची समज शाबूत आहे, पण ज्यांना स्वतः कूसही बदलता येत नाही, त्यांच्या बाबतीत पारडे केंद्राकडे झुकते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अशा रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, आणि चोवीस तासांच्या ड्युटीवर एकटीच असलेली मावशी कितीही प्रामाणिक असली तरी रात्री तिला झोप लागणारच. केंद्रात पाळ्या असतात. मात्र रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती माणसे असतात, हे विचारल्याशिवाय त्या पाळ्यांवर विसंबू नये. अन्न देण्यासाठी नाकातून घातलेली नळी किंवा लघवीची नळी असेल, तर कोणताही मार्ग निवडला तरी प्रशिक्षित परिचारिका लागते. ब्युरोवाले ‘सिस्टर’ हा शब्द सैलपणे वापरतात, म्हणून महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी पाहायला मागावी.

खर्चाचे थोडक्यात सांगायचे, तर ब्युरोच्या दरात मदतनिसाचे जेवण आणि सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस धरला आहे का, आणि केंद्राच्या दरात डायपर, औषधे व डॉक्टरांची भेट धरली आहे का, हे तपासावे. काही ठिकाणी आठ दिवस ठेवले तरी पूर्ण महिन्याचे पैसे घेतात. रुग्णालयात दाखल होण्याची वैद्यकीय गरज नसताना घेतलेली ही सेवा नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांसाठी २०२४ पासून लागू झालेले आयुष्मान भारतचे ५ लाख रुपयांचे संरक्षणही रुग्णालयातील उपचारांपुरतेच आहे.

पावसाळ्याचा मुद्दा बाहेरगावच्या माणसाला सुचणार नाही. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की नदीपलीकडच्या गावांतून रोज येणाऱ्या मावशींना वळसा पडतो, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बारा तासांच्या ड्युटीपेक्षा मुक्कामी राहणारा मदतनीस घ्यावा. केंद्र निवडायचे झाल्यास ते पूररेषेबाहेरचे आणि नदीच्या आपल्याच बाजूचे असावे.

निर्णय झाल्यावर, सुट्टीच्या आधी एक दिवस आणि एक रात्र तीच व्यवस्था चालवून पाहावी, म्हणजे उणिवा सेवेकरी जवळ असतानाच कळतात. औषधांची यादी, शेवटची डिस्चार्ज समरी आणि रक्तदाब-साखरेच्या नोंदी लेखी द्याव्यात. प्रकृती बिघडल्यास सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यायचे की खासगी दवाखान्यात, आणि तेथे सही कोण करणार, हेही त्याच कागदावर असावे. ते नाव शहरातच राहणाऱ्या, अर्ध्या तासात पोचू शकणाऱ्या नातलगाचे असावे, पुण्यातल्या मुलाचे नव्हे.