घिबलीचे ट्रेलर: कुठला बघाच, कुठला टाळाच

घिबली म्हणजे जपानमधला ॲनिमेशन स्टुडिओ. त्यांचा मला आजवर सगळ्यात भारी वाटलेला ट्रेलर म्हणजे 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया'चा, २०१३ चा. जपानात आधी एक छोटा टीझर येतो, त्याला टोकुहो म्हणतात, मग मोठा ट्रेलर येतो, तो योकोकु. तर कागुयाच्या पहिल्या टीझरमध्ये स्टोरी सांगायच्या भानगडीत पडलेच नाहीत, फक्त ती राजकन्या महालातून पळत सुटते, अंगावरचे किमोनो एकेक करून मागे गळून पडतात, आणि ती जसजशी पळते तसतशी रेघ रांगडी होत जाते, कोळशाने खरडल्यासारखी, शेवटी शेवटी तर चेहऱ्याच्या जागी नुसते फराटे. ती कोण, कशावर एवढी चिडलीय, काही म्हणजे काही कळत नाही पण छातीत धडधडायला लागतं. दिग्दर्शक इसाओ ताकाहातांना गुळगुळीत फिनिश नकोच होतं, कच्च्या स्केचमधला जोर पडद्यावर तसाच हवा होता, आणि हे सगळं त्या एका सीनमध्ये आलंय. एवढं असूनही पिक्चर चालला नाही हो, सुमारे ५०० कोटी येन खर्च आणि जपानात धंदा झाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

त्याच वर्षी 'द विंड रायझेस'चा ट्रेलर आला तो चक्क ४ मिनिटांचा, युमी अराईचं १९७३ चं गाणं लावून. सुंदर आहे, गाणं तर डोक्यातून जात नाही, पण पिक्चरमधलं खूप काही आधीच बघून होतं. लांबी निम्मी केली असती तरी चाललं असतं.

आणि मग बरोब्बर दहा वर्षांनी एकदम उलटं. 'द बॉय अँड द हेरॉन' जपानात १४ जुलै २०२३ ला लागला तेव्हा ट्रेलर नाही, टीव्हीवर जाहिरात नाही, आवाज कोणाकोणाचे तेही सांगितलेलं नाही, फक्त एक पोस्टर, दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी काढलेल्या बगळ्याचं. प्रोड्युसर तोशिओ सुझुकींचा हा निर्णय. त्यांना हे जमलं कारण पैसा घिबलीचाच होता, नाहीतर जपानात बहुतेक वेळा टीव्ही चॅनल, पब्लिशर वगैरे मिळून कमिटी बनवतात आणि पैसा घालणारे जाहिरात थोडीच सोडतील. पहिल्या ४ दिवसांत साधारण २१० कोटी येन आले! पण खरं सांगायचं तर हे मियाझाकींच्या नावावर झालं, एखाद्या नवीन दिग्दर्शकाने असं केलं असतं तर थिएटर रिकामं राहिलं असतं. त्यामुळे ट्रेलर नकोतच असं मी म्हणणार नाही, नवीन लोकांना तर ते लागतातच.

बाहेरच्या देशांसाठी मात्र त्याच सप्टेंबरात ट्रेलर काढला. तो वाईट नाहीये, चित्रं एकसे एक आहेत, पण जपानी प्रेक्षक जसे कोरे जाऊन बसले ती मजा त्याने घालवली. आपल्याकडे पिक्चर लागला १० मे २०२४ ला, तोवर ऑस्करही मिळून गेलं होतं आणि ट्रेलर, क्लिपा सगळं मोबाईलवर फिरून झालं होतं. पडद्यावर तो बगळा पहिल्यांदा उडत येतो तो क्षण कोरा मिळायला हवा होता राव, सगळ्यांनाच.

तर माझं मत, कागुयाचा टीझर आजच बघा, शक्यतो मोठ्या स्क्रीनवर आणि हेडफोन लावून. विंड रायझेसचा पिक्चर बघून झाल्यावर बघा, तेव्हा तो जास्त भिडतो. आणि हेरॉन अजून बघितला नसेल तर ट्रेलरच्या वाटेला जाऊच नका, घरातल्या कोणाला दाखवणार असाल तरी त्यांना फक्त पोस्टर दाखवा आणि पिक्चर लावा.