मेंटॉरची फी भरली आणि त्याच्याच क्लायंटचं काम करत बसले

यूआय-यूएक्सकडे, म्हणजे अ‍ॅप आणि वेबसाइटच्या डिझाइनकडे वळणाऱ्यांनी, त्यातही ज्यांचं डिझाइनचं कॉलेज झालेलं नाही त्यांनी, पैसे भरण्याआधी हे वाचा.

मी सांगलीत प्रिंटिंग प्रेसमध्ये बरीच वर्षं डीटीपी केलं. कोरलड्रॉ, श्रीलिपी, लग्नपत्रिका, हळदीच्या पाकिटांची आर्टवर्क. अ‍ॅपचं डिझाइन शिकायचं तर चुका दाखवणारं जाणतं माणूस हवं होतं. अहमदाबादची एनआयडी किंवा आयआयटी मुंबईची आयडीसी अशा डिझाइनच्या संस्थांत शिकणाऱ्यांना शिक्षक आणि सीनियर वर्गातच भेटतात. बाकीच्यांना ते बाहेर शोधावे लागतात, आणि याच गरजेवर काहींनी धंदा मांडला आहे.

मला लिंक्डइनवर सापडलेले ‘सर’ पुण्याचे. पहिला कॉल मोफत होता. त्यांनी माझं काम खरोखर बारकाईने पाहिलं, पाकिटावरच्या देवनागरी अक्षरांमधलं अंतर कुठे चुकलंय तेही दाखवलं. विश्वास बसला तो त्यामुळे. लगेच पुढचं वाक्य आलं, ‘‘बॅचमध्ये दोनच जागा उरल्यात, आज रात्रीपर्यंत कळव.’’ फी ऐंशी हजार, पण ‘नो-कॉस्ट ईएमआय’वर. प्रत्यक्षात ते माझ्या पॅनवर काढलेलं फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. सरांना रक्कम एकदम मिळाली, हप्ते माझ्या नावावर लागले.

सुरुवातीचे काही आठवडे बरे गेले. मग ‘लाइव्ह प्रोजेक्ट’ आला, एका दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं अ‍ॅप. ‘‘अगं, कॉलेजातली मुलं अशा प्रोजेक्टसाठी रांगा लावतात,’’ असं सर म्हणाले. त्यानंतर शिकवणं संपलं. ‘बटण हिरवं कर’, ‘क्लायंटला आवडलं नाही’, ‘उद्या सकाळपर्यंत पाठव’, एवढाच फीडबॅक. वयस्कर पेशंटला तारीख निवडताना अडचण येईल का, हे कोणाला विचारून पाहायचं का, असं मी विचारलं तर उत्तर आलं, ‘‘त्याला वेळ नाही.’’ मेंटॉर आणि काम करून घेणारा यांच्यातला फरक इथेच दिसतो. मेंटॉर तुम्हाला ‘हे असं का केलंस?’ विचारतो, तुम्ही उत्तर शोधेपर्यंत थांबतो. डिलिव्हरीची घाई ज्याला आहे, त्याच्यामागे बिल भरणारा कोणीतरी उभा असतो.

फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही काम करायचो, आणि फाइल सरांच्या टीम खात्यात होती. स्क्रीन पूर्ण झाल्या आणि माझा अ‍ॅक्सेस गेला. पुढे तेच अ‍ॅप सुरू झालं आणि माझ्या स्क्रीन सरांच्या पोर्टफोलिओवर त्यांच्या नावाने झळकल्या. कबूल केलेला केस स्टडीचा (काम कसं केलं याच्या मांडणीचा) आढावा झाला नाही, मुलाखतींसाठी ओळखीही करून दिल्या नाहीत. बॅचमधल्या एका मुलाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फी परत मागितली. त्याच संध्याकाळी ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग झाली. याचा मला अजूनही फार राग येतो. ती मुलं जळगाव, लातूर, चिपळूणची होती, घरच्यांना समजावून आलेली.

कर्जाचं आधी सांगते. क्लास बंद पडला तरी हप्ता थांबत नाही आणि थकवला की सिबिल स्कोअर खाली येतो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार सही करण्याआधी व्याज आणि सगळे खर्च एका कागदावर मिळायला हवेत. सुरुवातीला कूलिंग-ऑफची मुदतही असते. तेवढ्यात मुद्दल आणि झालेल्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. कोणी ईएमआय म्हटलं की कर्ज देणारी कंपनी कोणती, हे पहिलं विचारा.

कामाचंही कायद्यात स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुम्ही कोणाच्या नोकरीत नसाल तर तुम्ही केलेल्या डिझाइनची पहिली मालकी साधारणपणे तुमचीच असते. ती दुसऱ्याला द्यायला सहीचा लेखी करार लागतो. शिकाऊ आहात म्हणून ती आपोआप मेंटॉरकडे जात नाही. मी असा कुठलाच करार केलेला नव्हता, आणि आता माझी तक्रार त्यावरच उभी आहे.

पैसे न देताही चांगली माणसं भेटतात. एडीपीलिस्ट या मेंटॉरिंगच्या वेबसाइटवर वेगवेगळ्या देशांतले काम करणारे डिझायनर मोफत वेळ देतात. तिथे भेटलेल्या एका ताईंनी एकाच स्क्रीनवर माझ्याशी तासभर बोलून जे शिकवलं, ते त्या सगळ्या बॅचमध्ये मिळालं नव्हतं. पैसे देऊनच शिकायचं असेल तर महिन्या-महिन्याने द्या. जुन्या विद्यार्थ्यांना स्वतः शोधून फोन करा, सरांनी दिलेल्या नंबरांवर नको.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, आणि तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. तुम्ही सध्या अशा बॅचमध्ये असाल तर आजच फाइलची प्रत स्वतःच्या ड्राफ्टमध्ये घ्या आणि व्हर्जन हिस्टरीतल्या (कोणी कधी काय बदललं त्या नोंदीतल्या) तुमच्या नावाचे स्क्रीनशॉट काढा. फिग्माच्या मोफत खात्यात ती ३० दिवसांपुरतीच दिसते, आणि अ‍ॅक्सेस काढला की तीही नाही. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, फीची पावती आणि कर्जाचा करार ईमेलवर मागवून घ्या.