खाली पुस्तकं, वर खानावळ: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीत मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते जुनं चिरेबंदी घर, खाली पुस्तकांचं दुकान आणि वर खानावळ, त्याचे फोटो एव्हाना बहुतेकांनी पाहिले असतील. लाकडी जिना, वरच्या खिडकीतली टेबलं, कौलातल्या काचेतून येणारा उजेड, सगळं फोटोत दिसतं तसंच आहे. ते मी परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते पश्चिमेकडच्या भिंतीबद्दल. दिवाळीत किंवा मे महिन्यात जाऊन आलेल्यांना ती दिसलेलीच नाही, कारण तिच्यापुढे खालपासून वरपर्यंत कपाटं उभी आहेत आणि कोरड्या दिवसांत त्या कपाटांमागे काय चाललंय हे कळायला मार्ग नाही.

जुलैत मी तिथून कोकणातल्या पक्ष्यांवरचं एक सचित्र पुस्तक घेतलं. साडेसहाशे रुपये, छापील किंमत, एक रुपया सूट नाही. घरी येऊन उघडलं तर मधली पानं एकमेकांना चिकटलेली. हलक्या हाताने सोडवायला गेले तर खंड्याचं अर्धं चित्र समोरच्या पानावर निघून आलं. सचित्र पुस्तकांचा गुळगुळीत कागद असतो ना, त्यावर मातीसारखा बारीक थर दिलेला असतो. ओल लागली की तो थर सुटतो आणि दाबाखाली पानं एकमेकांना धरतात. २०२१च्या जुलैत चिपळुणात ज्यांच्या घरात वाशिष्ठीचं पाणी शिरलं त्यांना विचारा. साध्या कागदाची पुस्तकं पंख्याखाली वाळवून वाचवता आली, गुळगुळीत कागदाची विटेसारखी होऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन गेले. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "काकू, पावसात आपल्याकडे हे व्हायचंच." हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते अजून उतरलेलं नाही. व्हायचंच म्हणजे काय? याच गावात नगर वाचनालय १८२८पासून आहे. पावणेदोनशेच्या वर पावसाळे या गावाने पुस्तकांसकट काढलेत, तेही एसी नसताना. आमच्या घरी आजोबांच्या पोथ्या वेखंडाच्या पुडीसकट फडक्यात बांधून माळ्यावर असायच्या आणि श्रावणात उघडल्या तरी कोरड्या निघायच्या. पाऊस सगळ्यांनाच आहे, त्याच्या नावावर बिल फाडू नये.

आमचा आवाज चढला तशा दुकानाच्या मालकीणबाई वरून खाली आल्या. त्यांनी आधी मला सोलकढी देऊ केली. मला कोरडं पुस्तक हवं होतं. मी त्यांना म्हटलं, ताई, तुमच्या त्या कपाटामागे हात घालून बघा. त्यांनी घातला नाही, मग मीच घातला. भिंत आणि प्लायवूडची पाठ यांत बोटभरही अंतर नव्हतं. तळहात ओला होऊन बाहेर आला आणि बोटांना काळपट बुरशी लागलेली. त्यांनी तो हात पाहिला आणि गप्प झाल्या.

जांभ्याची, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाची, भिंत जमिनीतली ओल वर ओढते, बाहेरून पश्चिमेचा पाऊस झोडपतो तो वेगळाच. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वीच्या घरांत अशा भिंतीला चुन्याचा गिलावा असायचा, त्यातून ओल हळूहळू बाहेर पडायची. इथे दुरुस्तीत आतून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट झालाय. मग ती ओल जाणार कुठे? जिथे वाट मिळेल तिथून, म्हणजे नेमकी कपाटाच्या पाठीतून, पुस्तकांत. हवेतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर सतत राहिला की कागदावर बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि आपल्याकडे आषाढात तो ऐंशीच्या खाली क्वचितच येतो. म्हणून भिंत आणि कपाट यांच्यामध्ये चार बोटं तरी जागा हवी. हवा खेळती राहिली की निम्मं काम होतं. याला खर्च शून्य.

एवढ्यावरच थांबले असते तर हा अभिप्राय वेगळा झाला असता. पण पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, पुस्तक बदलून घेऊन जा. गेले तर पश्चिमेची कपाटं पुढे सरकवलेली, मागच्या बाजूने पंखा लावलेला आणि गल्ल्याजवळ दमटपणा मोजायचं छोटं घड्याळासारखं यंत्र. तेव्हा बोलता बोलता मालकीणबाईंनी सांगितलं की न खपलेली पुस्तकं बरेच प्रकाशक परत घेतात, पण ओल लागलेलं पुस्तक कुणी घेत नाही, ते नुकसान दुकानाचंच. माझं पुस्तक त्यांनी पदरचे पैसे घालून बदललं होतं. हे कळल्यावर राग बराच उतरला. सगळा नाही, कारण गुळगुळीत कागदाची पुस्तकं त्यांनी अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच ठेवली होती. दमट हवेत गुंडाळलेलं पुस्तक म्हणजे ओल आत कोंडणं. तेही सांगितलं. ऑगस्टअखेर प्लॅस्टिक गेलं आणि प्रत्येकाची एक प्रत चाळायला उघडी ठेवली गेली.

हवा कोरडी करणारं यंत्रही त्यांनी घेतलं. सुरुवातीला ते रस्त्याकडचं दार सताड उघडं ठेवून चालवत, म्हणजे सगळ्या मांडवीची हवा वाळवायला निघाल्यासारखं. आता दाराला स्प्रिंग आहे, ते आपोआप लागतं. रात्री एसी बंद केला तरी हे यंत्र चालू असतं. ते महत्त्वाचं आहे, कारण दिवसभर गार झालेल्या पुस्तकांवर रात्रीची दमट हवा आली की बाष्प धरतं. सकाळी दुकान उघडताना मुलगा त्या यंत्रातली पाण्याची टाकी दोन्ही हातांनी धरून बाहेर आणतो आणि कुंड्यांत ओततो. एका खोलीच्या हवेतून एका रात्रीत निघालेलं तेवढं पाणी पाहिलं की मी का भांडत होते ते कळेल. तोच मुलगा, "व्हायचंच" म्हणणारा, आता गिऱ्हाइकांना दमटपणा मोजायच्या यंत्रावरचा आकडा दाखवतो. मी शेवटचं पाहिलं तेव्हा बाहेर सत्याऐंशी टक्के आणि आत बासष्ट होता.

वरच्या खानावळीबद्दल माझं मत आधी वाईट होतं. पुस्तकांच्या डोक्यावर चूल कशाला? भाताची वाफ, तळणाचा तेलकट धूर, वरून सुक्या बांगड्याचा वास. पण वाफ वर जाते, खाली येत नाही. खानावळ तळमजल्यावर आणि पुस्तकं वर असती तर खरा घोळ झाला असता. शिवाय पुस्तकांचं वजन जुन्या तक्तपोशीला, म्हणजे वरच्या मजल्याच्या फळ्यांना, पेललं नसतं. जिन्याच्या तोंडाशी झुलतं दार आहे, त्यामुळे वास बऱ्यापैकी अडतो. पैसे न दिलेलं पुस्तक वर न्यायचं नाही हा नियम काहींना जाचक वाटतो, मला शंभर टक्के मान्य आहे. मासे हाताने खायचे असतात.

खाण्याचं सांगायचं तर पावसाळ्यातच जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि बाकीची हॉटेलं तेव्हा बर्फातली सुरमई नेहमीच्या भावात खपवतात. इथे ते सरळ पाटीवर लिहितात, ताजा मासा नाही. त्याऐवजी टाकळ्याची भाजी, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कुळथाचं पिठलं. टाकळा कोवळा, खोबरं भरपूर, आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात. रसातले घावणे मात्र साखरेचे करतात, गूळ वापरावा. ऑगस्टनंतरची बांगड्याची थाळी चांगली आहे, पण टाकळ्यासारखी लक्षात राहत नाही.

बिल नीट बघा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, खाण्यावर पाच टक्के आहे. सुरुवातीला दोन्हींचं एकत्र बिल करताना पुस्तकावरही पाच टक्के लागले होते, दाखवल्यावर लगेच परत दिले. आता दोन वेगळी बिलं येतात.

ऑनलाइन वीस-पंचवीस टक्के स्वस्त मिळतं हे मलाही ठाऊक आहे आणि मी पैसा जपूनच खर्च करते. तरीही पुस्तकं आता इथूनच घेते. रत्नागिरीत पोस्टाने आलेलं पार्सल पावसात कुठे कुठे पडून असतं ते मी अनुभवलंय, आणि चिकटलेल्या पानांची तक्रार करायला तिथे समोर माणूस नसतो. इथे मी पान न् पान चाळून घेते, कुणी हटकत नाही. पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तर ते त्या यंत्राच्या विजेच्या बिलात जातात असं मी धरून चालते.

एक गोष्ट अजून राहिली आहे. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, सगळी गुळगुळीत कागदाची, पश्चिमेच्याच कपाटात सगळ्यात खालच्या खणात आहेत, जमिनीपासून वीतभर वर. भिंतीत ओल सगळ्यात जास्त असते ती तिथेच. वरच्या खणात न्या म्हटलं तर मुलांचा हात पोचणार नाही, हे मालकीणबाईंचं म्हणणं बरोबर आहे. मग खोलीच्या मध्यभागी, जिन्याच्या बाजूला, चार पायांचं बुटकं कपाट करून घ्या. सुताराचं दोन दिवसांचं काम आहे, आणि ते मे संपायच्या आत झालं पाहिजे.