युक्रेनियन बोलताना 'ती' की 'वी'?

युक्रेनियन शिकायला घेतली की पहिल्याच आठवड्यात ठरवावं लागतं, समोरच्याला 'ती' म्हणायचं की 'वी'. 'ती' म्हणजे आपलं 'तू', 'वी' म्हणजे 'तुम्ही'. हा फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. माझं मत आधीच सांगते: 'वी' पहिल्यांदा पक्कं करा.

त्याला व्याकरणाचंही कारण आहे. 'तू होतास', 'तू होतीस', 'तुम्ही होतात' हे तिकडे 'ती बूव', 'ती बुला', 'वी बुली' असं होतं. म्हणजे 'ती' वापरलं की भूतकाळात स्त्री-पुरुष भेद सांभाळावा लागतो, 'वी'मध्ये एकच रूप सगळ्यांना चालतं. नवख्याच्या चुका तिथेच निम्म्या कमी होतात. आज्ञार्थही ओळखीचा वाटेल: 'स्काझी' म्हणजे सांग, 'स्काझित' म्हणजे सांगा. पत्रात एकाच व्यक्तीला उद्देशून लिहिलेल्या 'वी'चं पहिलं अक्षर मोठं काढतात.

दुकानातलं बोलणं पाहा. आत शिरताना 'दोब्री देन', काही विचारायचं तर 'स्काझित, बुद लास्का', निघताना 'द्याकुयु, हार्नोहो द्न्या'. 16 जानेवारी 2021 पासून दुकानं, हॉटेलं, दवाखाने यांनी ग्राहकाशी युक्रेनियनमध्येच बोलायला सुरुवात करावी असा कायदा आहे, त्यामुळे ही वाक्यं रोज कानावर पडतात. मित्रांमध्ये हेच 'प्रिवीत', 'स्लुखाय' आणि 'बुवाय' होतं. तेवढंच काम, पण जवळिकीनं.

खुशाली विचारताना मात्र जपावं. 'याक स्प्रावी?' म्हणजे कसं चाललंय, आणि हा प्रश्न गल्ल्यावरच्या अनोळखी बाईला सहसा विचारत नाहीत. ओळखीच्याला विचारला, तर तो खरंच सांगायला लागेल हे गृहीत धरा. 'पोतिखेन्कु' हे उत्तर मला फार आवडतं, आपलं 'चाललंय हळूहळू' तंतोतंत. 2022 नंतर 'याक ती?' आणि 'याक वी?' या दोन शब्दांना वेगळंच वजन आलं आहे. रात्री हल्ला झाला की सकाळी माणसं एकमेकांना एवढंच लिहितात. तिथे तुमची कुणी ओळखीची असेल तर औपचारिक-अनौपचारिकाचा विचार न करता विचारा, नेहमी ज्या शब्दानं हाक मारता त्याच शब्दानं.

'वी' म्हणजे कोरडेपणा, असं समजू नका. त्यात आपुलकी येते ती हाकेतून. आपली संबोधन विभक्ती 'देवा', 'मुलांनो' अशा रूपांत दिसते, तशी युक्रेनियनमध्ये प्रत्येक नावाला लागते. ओक्सानाला बोलावताना 'ओक्सानो', तारासला 'तारासे'. त्याआधी बाईंसाठी 'पानी' किंवा पुरुषासाठी 'पाने' हा आदराचा शब्द जोडला की 'पानी ओक्सानो, याक वाशी स्प्रावी?' हे वाक्य आदराचंही होतं आणि प्रेमाचंही, आपण 'सुनीताताई, तुम्ही कशा आहात?' म्हणतो तसंच. प्राध्यापकांना नावापुढे वडिलांच्या नावावरून आलेलं रूप लावून हाक मारण्याची पद्धतही आहे: 'ओलेनो पेत्रिव्नो'. नाव मूळ रूपात उच्चारलं तरी समजतं, पण योग्य रूप वापरलंत की समोरच्याचा चेहरा खुलतो. माझ्या मते 'ती-वी'पेक्षाही जास्त वेळ इथे द्यावा.

'ती'पासून सुरुवात कधी करावी? लहान मुलांशी, आणि वसतिगृहातल्या बरोबरीच्या मुलामुलींशी. वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी मुलांना वर्गमित्रांशी 'वी' म्हणत राहणं अवघडच वाटेल. मोठ्यांनी तुम्हाला 'ती' म्हटलं म्हणून तुम्हीही लगेच 'ती'वर जाऊ नका. हा एकतर्फी व्यवहार आपल्याकडेही आहेच. वयानं मोठा माणूसच कधीतरी म्हणेल, 'मोझे, ना ती?' म्हणजे आता 'तू'वर येऊया का. त्यावर 'दावाय' म्हणा, 'दावाइते' नको. 'दावाय' हे रूप 'ती'चंच आहे.