कागद खरे, गाडी दुसरीच

जुनी यामाहा आरएक्स १०० घेऊन ती घरी नव्याने उभी करायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. माझे एकसष्ट हजार गेले, पण त्यापेक्षा मोठी भानगड पुढे आहे.

गाडी १९९३ची, नंबर एमएच १०चा. विकणाऱ्याचा जुन्या गाड्यांचाच धंदा, बोलायला अगदी गोड. आरसी बुक मूळचं होतं. त्यातला चेसी नंबर हँडलखालच्या नळीवरच्या नंबराशी अंकाअंकाने जुळला, ऑनलाइन नोंदही तीच निघाली. पंचिंगची खोली सारखी, अंकांचं वळण कंपनीचंच. तरी थिनरचा बोळा फिरवून बघतो म्हटलं, तर म्हणाला, "भाऊ, ओरिजिनल पेंट आहे, हात लावू नका. शौकीन पार्टी ह्याच पेंटचे पैसे देते." ते खरंही आहे. मूळ रंगाची टाकी मिळाली की आपल्यातली माणसं हरखून जातात. त्या प्रेमाच्या आड त्याने आपलं काम झाकलं होतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

नोंदणीची पंधरा वर्षं केव्हाच संपली होती, पुढे नूतनीकरण झालेलं नव्हतं. "रिन्यूअल तुम्ही करा, तेवढे कमी करतो," म्हणत त्याने पाच हजार सोडले. नूतनीकरणाला गाडी आरटीओत निरीक्षकासमोर उभी करावी लागते. ती तिथे का नेली नव्हती, हे नंतर उमगलं.

घरी आणून आधी इंजिनचं हेड उतरवलं. आरएक्स १००चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, तीही ५०. त्याचे ९८ सीसी होतात. झिजलेला सिलिंडर रिबोअर करून करून बोअर वाढला तरी एखादा मिलिमीटर. व्हर्नियरवर आले ५८. म्हणजे सिलिंडरचा ब्लॉक आरएक्स १३५चा. दोन्ही गाड्यांचे बरेच भाग एकमेकींना बसतात आणि हौसेने १३५चा ब्लॉक चढवणारेही पुष्कळ आहेत. नुसत्या त्यावरून मी कुणाला लबाड म्हटलं नसतं.

मग फ्रेमला पेंट रिमूव्हर लावला. नळीवरच्या रंगाबरोबर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, पापुद्रा सुटून आला आणि खाली वेल्डिंगची रेघ दिसली. नंबराभोवती चौकोनी, चारही बाजूंनी. नंबर खोटा नव्हताच! भंगारात गेलेल्या खऱ्या आरएक्स १००च्या फ्रेममधून नंबराचा तेवढा तुकडा कापून या फ्रेमवर जोडला होता, वर लांबी भरून रंग जुना दिसेल असा मारला होता. म्हणून अंक कंपनीचे, म्हणून कागदही खरे.

आरसीवरच्या मूळ मालकाचा पत्ता काढून भेटलो. वयस्कर गृहस्थ. अपघातात मोडलेली गाडी त्यांनी कधीच भंगारवाल्याला दिली होती, सोबत पुस्तकही. मला मिळालेल्या फॉर्म २९ आणि ३०वरची, म्हणजे मालकी बदलण्याच्या अर्जांवरची, सही त्यांनी पाहिली आणि ती आपली नाही म्हणाले.

मग माझ्या दारात उभी असलेली फ्रेम कुणाची? तिचा स्वतःचा नंबर घासून टाकलेला. चोरीची असेल तर तिचा खरा मालक अजून तिला शोधत असेल, आणि ती माझ्याकडे सापडली असती तर चोरीचा माल बाळगल्याबद्दल उत्तर मलाच द्यावं लागलं असतं. म्हणून रंगकाम तिथेच थांबवून मी स्वतः पोलिस ठाण्यात गेलो. गाडी आता तिथे जमा आहे.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. हेडलाइट आणि हॉर्न उतरवायला लावा आणि नंबराच्या आजूबाजूला चुंबक फिरवा. जाड लांबीवर ते सैल पडतं. नळीच्या आतून बोट फिरवता आलं तर उत्तमच, पण त्यासाठी फोर्क काढावा लागतो आणि ते कुणी करू देत नाही. थिनर लावू देत नसेल तर पैसे देऊ नका, पेंट कितीही मोलाचा असो. नूतनीकरण विकणाऱ्याकडूनच करून घ्या, मग किंमत चार पैसे जास्त पडली तरी चालेल. आणि आरसीवरच्या माणसाशी स्वतः बोला, एजंटाने लावून दिलेल्या फोनवर नाही.

माझी तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली नोंदवली गेली, कारण पैसे यूपीआयने दिले होते आणि त्याचे व्हॉइस मेसेज मी पुसले नव्हते. या धंद्यात रोखीचा आग्रह फार असतो. टोकनसुद्धा रोख देऊ नका.